मोंबासाच्या सेवायात्रेसाठी तरुणांची तयारी कशी करावी?

तरुणसंघ_सचिव_नाशिक

सर्वांना प्रभू येशूच्या नावाने सलाम.

केनियातील मोंबासा येथील एका मंडळीने आमच्या तरुण संघातील काही मुलामुलींना दोन आठवडे आपल्याकडे येऊन राहण्याचे आणि तिथल्या तरुणांबरोबर सेवाकार्यात सहभागी होण्याचे आमंत्रण दिले आहे. जाणाऱ्यांची वये सतरा ते तेवीसच्या दरम्यान आहेत. बहुतेक जण महाविद्यालयात शिकतात, दोघे सातपूरच्या कारखान्यांत नोकरी करतात, आणि एकाही मुलाने किंवा मुलीने यापूर्वी परदेश पाहिलेला नाही. निघायला अजून सहा-सात महिने आहेत. आमच्या पाळकसाहेबांनी तयारीची जबाबदारी माझ्याकडे सोपवली आहे.

अडचण अशी आहे की, या यात्रेत नेमके काय करायचे याबद्दल मंडळीत एकमत नाही. पास्टोरेट कमिटीतील काही वडीलजनांच्या मते मुलांनी घरोघरी जाऊन सुवार्ता सांगावी आणि उपासनेत साक्ष द्यावी. काहींना वैद्यकीय शिबिर घ्यावेसे वाटते, तर काहींना एखाद्या शाळेची रंगरंगोटी करावीशी वाटते. मुले उत्साहात आहेत, पण त्यांचे बोलणे बरेचसे विमान, समुद्रकिनारा आणि छायाचित्रे यांभोवतीच फिरते. पालकांना आजारपणाची आणि मुलींच्या सुरक्षिततेची काळजी वाटते, आणि ती रास्तच आहे. हाती असलेल्या महिन्यांत मुलांकडून काय करून घ्यावे, हे अनुभवी बंधुभगिनींनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त_शिक्षक_शरणपूर

सचिवसाहेब, सलाम. आपण मोंबासाचे नाव घेतलेत म्हणून प्रथम इतिहासाविषयी लिहितो, कारण माझ्या मते तयारीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. आपली मुले रोज शरणपूर रोडवरून ये-जा करतात, परंतु या वस्तीचा आणि मोंबासाचा संबंध काय आहे, हे त्यांतल्या किती जणांना सांगता येईल, याची मला शंका वाटते. 1854 च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील मिशनरी संस्थेने नाशिकजवळ शरणपूरची वस्ती उभी केली. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार अडवीत असे, आणि त्यांतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांपैकी अनेकांना इथे आश्रय मिळाला. ही मुले इथेच लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली, आणि त्यांतील बहुतेकांचा बाप्तिस्माही इथेच झाला. आफ्रिकेत फिरलेले स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन 1866 मध्ये आपल्या अखेरच्या प्रवासाला निघाले तेव्हा त्यांच्या तुकडीत नाशिकमध्ये शिकलेली ही आफ्रिकी मुले होती. 1872 मध्ये त्यांच्याकडे जी दुसरी तुकडी पोहोचली, तिच्यात नाशिकमध्ये शिकलेले जेकब वेनराइट होते. 1 मे 1873 रोजी आजच्या झांबियातील चितांबो यांच्या गावी लिव्हिंगस्टन वारले. त्यांचे हृदय जिथे पुरले तिथल्या झाडावर वेनराइट यांनी अक्षरे कोरली, आणि त्यानंतर त्यांच्या सोबत्यांनी तो मृतदेह शेकडो मैल चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत वेनराइट होते.

पुढच्याच वर्षी, म्हणजे 1875 मध्ये, मोंबासा बेटासमोरच्या मुख्य भूमीवर सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रिअर टाउन ही वस्ती वसवण्यात आली. तिला मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव देण्यात आले. तिथली शाळा, कार्यशाळा आणि मंडळी उभी करण्यात शरणपूरहून गेलेल्या आफ्रिकी ख्रिस्ती लोकांचा मोठा हात होता. तिथे जवळच राबई येथे विल्यम जोन्स यांनी अनेक वर्षे सेवा केली, आणि त्यांचेही शिक्षण नाशिकमध्येच झालेले होते.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, आपल्या मुलांनी आपण अंधारात दिवा घेऊन निघालो आहोत, अशा समजुतीने तिथे पाऊल ठेवू नये. केनियातील बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत, आणि मोंबासाच्या किनाऱ्यावर मुस्लीम समाज शतकानुशतके नांदतो आहे. आपण ज्या मंडळीकडे जाणार ती कदाचित आपल्या मंडळीपेक्षा मोठी असेल आणि तिच्या प्रार्थनासभा आपल्यापेक्षा अधिक भरलेल्या असतील. त्यामुळे पहिले काम म्हणून त्या मंडळीच्या पाळकांना पत्र लिहून, या दोन आठवड्यांत आमच्या मुलांकडून आपल्याला काय अपेक्षित आहे, असे थेट विचारावे. वैद्यकीय शिबिर, रंगकाम किंवा घरभेटी यांचा निर्णय नाशिकच्या कमिटीत होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परवान्याशिवाय परदेशी माणसांनी रुग्ण तपासणे हा तर तिथल्या कायद्याचाही प्रश्न आहे. भिंतींना रंग देण्यासाठी तिथे रंगारी आहेत, आणि त्यांना रोजगाराची गरज आहे.

मुलांनी काय घेऊन जावे, असे विचाराल, तर गाणी घेऊन जावीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची चार-पाच पदे टाळ आणि पेटीच्या साथीने चांगली बसवून घ्यावीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, हेही मुलांना कळावे. ख्रिस्ती कीर्तनाची आपली परंपरा जुनी आहे, आणि ते कीर्तन ऐकायला तिथल्या लोकांना खचितच आवडेल. त्या बदल्यात त्यांची स्वाहिली गाणी शिकून यावीत.

परिचारिका_देवळाली

गुरुजींनी फार मोलाचे लिहिले आहे. मी आरोग्याविषयी लिहिते, कारण यात उशीर झाला तर नंतर काहीही करता येत नाही.

केनियाला जाऊन भारतात परतणाऱ्या प्रवाशाकडे पिवळ्या तापाच्या लसीचे प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे. ते नसेल तर परतल्यावर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागते, आणि तिथे सहा दिवसांपर्यंत ठेवतात. ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, म्हणून मुंबईच्या केंद्रात आधी वेळ घेऊन सर्वांना एकत्र न्यावे. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते. 2016 पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाते, त्यामुळे पुन्हा डोस घ्यावा लागत नाही. ज्यांना अंड्याची तीव्र ॲलर्जी आहे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती एखाद्या आजाराने अथवा औषधाने कमी झाली आहे, त्यांनी हे केंद्रातील डॉक्टरांना लस घेण्यापूर्वीच सांगावे. हे प्रमाणपत्र ज्यात असते ते पिवळे पुस्तक पासपोर्टसोबतच ठेवावे आणि त्याचा फोटो गटप्रमुखाकडेही असावा.

मोंबासा समुद्रसपाटीवर आहे आणि तिथे हिवतापाचा धोका वर्षभर असतो. नैरोबी उंचावर असल्याने तिथे तो बराच कमी आहे, पण आपली मुले किनाऱ्यावर राहणार आहेत. हिवताप रोखणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. काही गोळ्या निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतात आणि परतल्यावर चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात. घरी आल्यावर बरे वाटते म्हणून मुले त्या मध्येच सोडतात, आणि पालकांनी नेमके इथेच लक्ष द्यावे. परतल्यानंतर तीन महिन्यांच्या आत ताप आला, तर तो डेंग्यूचा असेल असे गृहीत न धरता, आपण केनियाला जाऊन आलो आहोत हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए यांच्या लसींबद्दलही त्याच भेटीत विचारून घ्यावे.

एक लहानशी, पण आयांसाठी महत्त्वाची गोष्ट. ऑगस्ट 2017 पासून केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे. चिवडा, चकल्या आणि चटण्या कॅरीबॅगमध्ये बांधून देऊ नयेत. डबे आणि कापडी पिशव्या वापराव्यात.

युवा_मार्गदर्शक_मनमाड

सचिव भाऊ, तरुणांच्या गटांबरोबर मी बरीच वर्षे काम करत आहे, म्हणून मुलांच्या मनाच्या तयारीबद्दल लिहितो.

मुलांच्या बोलण्यात छायाचित्रे फार येतात, असे आपण लिहिले आहे. त्यावर आत्ताच नियम करावा. अनोळखी लहान मुलांना जवळ ओढून फोटो काढायचे आणि मग खाली 'या गरीब लेकरांनी मला खूप शिकवले' असे लिहून ते इन्स्टाग्रामवर टाकायचे, हे मी अनेक गटांत पाहिले आहे. आपल्या मुलांचे असे फोटो कोणी परक्याने काढलेले आपल्याला चालणार नाहीत. पालकांची आणि यजमान मंडळीची परवानगी असेल तरच मुलांचा फोटो काढावा, आणि शक्य असेल तर संपूर्ण गटाच्या वतीने एकाच व्यक्तीने छायाचित्रे घ्यावीत. त्याचप्रमाणे, कोणत्याही मोठ्याने परक्या मुलासोबत एकटे राहू नये. हा नियम आपल्या तरुणांच्या रक्षणासाठीही आहे. अनाथाश्रमाची भेट सुचवली गेली, तर होकार देण्याआधी नीट विचार करावा. दोन आठवड्यांत माया लावून निघून जाणाऱ्या पाहुण्यांची रांग त्या मुलांच्या आयुष्यात आधीच पुष्कळ असते.

तयारीसाठी दर रविवारी उपासनेनंतर दीड तास ठेवावा. निम्मा वेळ पवित्र शास्त्राच्या अभ्यासासाठी द्यावा. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पौल आणि बर्णबा अंत्युखियाच्या मंडळीकडून पाठवले जातात आणि परत येऊन त्याच मंडळीला सर्व वृत्तांत सांगतात. पाठवणारी मंडळी, जाणारी माणसे आणि परतल्यावर द्यायचा हिशेब या तिन्ही गोष्टी त्या अध्यायांत आहेत. उरलेल्या वेळात प्रत्येकाने आपली साक्ष तीन मिनिटांत, सोप्या इंग्रजीत आणि दुभाष्यासाठी प्रत्येक वाक्यानंतर थांबत सांगण्याचा सराव करावा. आपल्या मुलांना मराठीत सफाईने बोलता येते, पण दुभाष्याबरोबर बोलताना लांब वाक्ये कोलमडतात. म्हणून दोन-तीन जणांची जोडी करून एकाने मराठीत बोलावे आणि दुसऱ्याने लगेच हिंदीत भाषांतर करावे, असा खेळ घ्यावा. त्यातून थांबण्याची सवय लागते.

माझा आणखी एक आग्रह आहे. जाण्यापूर्वी त्यांनी नाशिकमध्येच काही शनिवारी सेवा करावी. वृद्ध सभासदांच्या घरी जाऊन त्यांना औषधे आणून द्यावीत, सरकारी रुग्णालयातील एकट्या रुग्णाजवळ बसावे, संडे स्कूलच्या मुलांना शिकवावे. जो इथे शनिवारी सकाळी उठत नाही, त्याला तिकिटाचे पैसे देण्यापूर्वी मंडळीने पुन्हा विचार करावा. हे कठोर वाटेल, पण मंडळीतील विधवा बहिणींनी दिलेले पैसे यात आहेत.

तरुणसंघ_सचिव_नाशिक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मोंबासाच्या पाळकांना पत्र लिहायला मी आजच बसतो, आणि रविवारचा दीड तासही ठरवतो. दोन शंका आहेत. सतरा वर्षांची एक मुलगी गटात आहे. तिच्या कागदपत्रांसाठी काय करावे? दुसरे, तिथे साक्ष दिल्याने कायद्याची काही अडचण येईल का? नेपाळमध्ये असे प्रकार झाल्याचे पालकांनी ऐकले आहे.

निवृत्त_शिक्षक_शरणपूर

नेपाळची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या नव्या दंडसंहितेने, जी 2018 मध्ये लागू झाली, धर्मांतर करवणे हा गुन्हा ठरवला असून परदेशी नागरिकाला शिक्षेनंतर देशाबाहेरही काढता येते. केनियाची 2010 ची राज्यघटना धर्मस्वातंत्र्य देते, त्यामुळे यजमान मंडळीच्या उपासनेत साक्ष देण्यात अडचण नाही. तरीही रस्त्यावर, शाळेत किंवा मुस्लीम वस्तीत आपल्या मुलांनी स्वतःहून प्रचार करू नये, असे मी सुचवीन. कुठे काय बोलावे हे स्थानिक पाळक जाणतात, आणि आपण निघून आल्यानंतर त्याचे परिणाम त्यांनाच भोगावे लागतात.

प्रवेशासाठी 2024 पासून केनियाने व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना सुरू केला आहे. तो ऑनलाइन भरताना यजमान मंडळीचे आमंत्रणपत्र जोडावे आणि भेटीचा खरा हेतूच लिहावा. 'पर्यटन' असे लिहून आत शिरायचे आणि मग सेवाकार्य करायचे, हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, आणि पकडले गेल्यास संपूर्ण गट अडकतो. पासपोर्टची मुदत प्रवेशाच्या दिवशी किमान सहा महिने शिल्लक असावी. ज्यांनी अजून अर्ज केलेला नाही, त्यांनी पोलीस पडताळणीला लागणारा वेळ लक्षात घेऊन याच आठवड्यात करावा.

परिचारिका_देवळाली

सतरा वर्षांच्या मुलीसाठी आई आणि वडील या दोघांच्याही सहीचे, नोटरी केलेले संमतिपत्र इंग्रजीत करून घ्यावे. त्यात तिच्याबरोबर जाणाऱ्या प्रौढ स्त्रीचे नाव, पासपोर्ट क्रमांक आणि राहण्याचा पत्ता असावा. गरज पडल्यास वैद्यकीय उपचारांना संमती देण्याचा अधिकारही त्याच पत्रात लिहून द्यावा, कारण रात्री अपरात्री रुग्णालयात आईवडिलांचा फोन लागेलच, असे नाही. केनियाची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, म्हणून त्यांची रात्री नऊची प्रार्थना संपते तेव्हा इथे मध्यरात्र होत आलेली असते. रोजच्या फोनची वेळ आधीच ठरवून द्यावी आणि पालकांनीही ती पाळावी.

मुलींच्या मुक्कामाची सोय यजमान मंडळीतील कुटुंबांत होणार असेल, तर दोघींना एकाच घरी ठेवावे आणि त्या कुटुंबांची नावे निघण्यापूर्वीच कळवायला सांगावीत.

तरुणसंघ_सचिव_नाशिक

कळले, ताई. संमतिपत्राचा मसुदा वकील असलेल्या एका सभासदाकडून करून घेतो, आणि मोंबासाहून उत्तर आले की इथे कळवतो.