मदत हवी आहे: फ्रीझरमधल्या आमटी-भाजीबद्दल

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला राहतो, मुलीच्या बाळंतपणासाठी मला 15 दिवस पुण्याला जायचंय आणि घरी सासरे एकटेच, वय 82, बाहेरचं त्यांना अजिबात सोसत नाही. म्हणून आमटी, उसळ, भाजी एकेका जेवणापुरती छोट्या डब्यांत भरून फ्रीझ करायचा विचार आहे. गार करून 2 तासांच्या आत फ्रीझरमध्ये टाकायचं, तापमान उणे 18, आदल्या रात्री डबा खाली फ्रीजमध्ये काढायचा, मग खळखळून उकळायचं, उरलं तर परत फ्रीझ नाही, एवढं माहितीये. पण मेमधे इथे लाइट जाते हो, 4-5 तास गेली तर डबे टाकून द्यायचे का? आणि बटाट्याची भाजी नंतर कशी लागते? भाताचीच जास्त भीती वाटते, तो रोज ताजाच लावायला सांगू ना? प्लीज अनुभव सांगा, काळजी वाटतेय.