मदत हवी आहे: २ बिट असूनही क्वांटायझर सॅच्युरेट होतो

एकच अवस्था असलेली अस्थिर प्रणाली आहे: पुढचा क्ष = अ × क्ष + उ (क्ष म्हणजे अवस्था, उ म्हणजे कंट्रोलरचा आदेश). अ ची नाममात्र किंमत १.६, खरी १.३ ते १.९ मध्ये कुठेही. सेन्सरमधला क्वांटायझर (मोजलेली किंमत ठरावीक कप्प्यांत बसवणारा भाग) दर नमुन्याला २ बिट पाठवतो, म्हणजे ४ समान कप्पे. उ = −१.६ × कप्प्याचा मध्य. दर पावलाला पल्ला (हे कप्पे ज्या हद्दीत बसतात ती) ०.४५ पट करतो. अ = १.६ धरला की सिम्युलेशन सुरेख उतरतं, १.८५ धरला की पहिल्या काही पावलांतच क्ष पल्ल्याबाहेर जातो (क्वांटायझर सॅच्युरेट होतो) तो परत येत नाही. डेटा-रेट प्रमेयाप्रमाणे (अस्थिर प्रणाली सावरायला दर नमुन्याला किमान किती बिट लागतात ते सांगणारं) १.९ चा २ पायाचा लॉग ०.९३, म्हणजे १ बिटही पुरायला हवा. बिट वाढवू का? शिवाय १०% पॅकेट ड्रॉप होतात.

प्रतिसाद १
आधी झूमचा गुणक (तुमचा ०.४५) बदला. ते प्रमेय अ नेमका माहीत आहे असं धरतं. तुमच्याकडे तो माहीत नाही.

पल्ला ±म घ्या. क्ष = म असेल तर कप्प्याचा मध्य ०.७५म. अ = १.९ असेल तर पुढचा क्ष = १.९म − १.२म = ०.७म. आणि तुम्ही पल्ला ०.४५म वर आणून ठेवलात! न कप्प्यांसाठी गुणक किमान १.६/न + ०.३ हवा. १ बिटाला तो १.१ येतो, म्हणजे पल्ला वाढतच जातो. ८ बिटांना ०.३०६. त्यापुढे कितीही बिट ओता, ०.३ च्या खाली जाणार नाही; तो अनिश्चिततेचा वाटा आहे, अ चा अंदाज सुधारला तरच कमी होईल. बाहेरून ±द एवढा व्यत्यय येत असेल तर दर पावलाला पल्ल्यात द मिळवा, नाहीतर शून्याजवळ पुन्हा हेच होईल.

धागाकर्ता
०.७ ला चालतंय, आभार. पण पॅकेट ड्रॉप झाल्यावर कंट्रोलर भलताच कप्पा वाचतो.

प्रतिसाद २
सेन्सर आणि कंट्रोलर या दोन्ही टोकांचा म वेगळा पडतोय. पॅकेट हरवलं की उ = ० द्या (जुना उ धरून ठेवू नका) आणि पल्ला १.९ पट करा. पल्ल्याच्या गुणकाच्या वर्गांची सरासरी ०.९ × ०.४९ + ०.१ × ३.६१ = ०.८०, एकापेक्षा कमी, म्हणजे निभावतं. प्रत्येक पॅकेटची गळती स्वतंत्र धरली तर २ बिटांवर गळतीची मर्यादा साधारण १६%.

पण पॅकेट हरवल्याचं सेन्सरला कळायला ॲक (पोचपावती) लागते, आणि तीही हरवते. त्यापेक्षा म चं एक टेबल दोन्हीकडे ठेवा आणि त्यातला क्रमांक प्रत्येक पॅकेटमध्ये पाठवा. इथरनेटचा पेलोड (पॅकेटमधला डेटाचा भाग) तसाही किमान ४६ बाइटचा असतो, १ बाइट फुकटच जातो. मग सेन्सरला |क्ष| सामावणारा सर्वांत लहान म दर वेळी थेट निवडता येतो, जुळवून घ्यायची कटकटच उरत नाही.