थंडीतलं घरचं लग्न : तुमच्याकडे कसं झालं?

तुळशीचं लग्न लागलं की घरोघरी पंचांगं उघडायची. धनुर्मास लागायच्या आत उरकतील तेवढी उरकायची, राहिलेली संक्रांतीनंतर माघात. हॉल नाही, केटरर नाही. दारात मांडव आणि राबायला घरचीच माणसं. महाराष्ट्रातल्या अशा थंडीतल्या लग्नाची आठवण असेल तर लिहा. मोठंच लिहायला हवं असं नाही, दोन ओळीही चालतील. सुरुवात मी करते.

आत्याचं लग्न १९८३ च्या मार्गशीर्षात, निफाडजवळच्या आमच्या वाड्यात झालं. निफाडची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. वऱ्हाड आदल्या रात्रीच आलेलं, माणसं चाळीस आणि पाणी तापवायला तांब्याचा एकच बंब. आजोबांनी पहाटे तीनला तो पेटवला आणि शेजारी पाट टाकून बसले. तोटीतून बादली काढली की वरून गार पाण्याची बादली ओतायची, मधल्या नळीत गोवरीचा तुकडा सारायचा. एवढंच काम, पण कुणाला हात लावू दिला नाही. आधी व्याह्यांकडची म्हातारी माणसं, मग लेकुरवाळ्या, मग बाकीचे. खोबरेल थिजून दगड झालेलं, म्हणून बाटली बंबाच्या झाकणावर ठेवलेली. येईल तो तळहातावर दोन थेंब घेऊन पुढे जाई. धाकटे काका नुसते केस ओले करून "झाली अंघोळ" म्हणत आले. आजोबांनी त्यांच्या कानामागे बोट फिरवलं आणि परत न्हाणीत धाडलं. लग्नाचा एकच फोटो आहे. त्यात आत्याच्या शालूवर आजीची घोंगडीवजा शाल आहे आणि मुंडावळ्या शालीत अडकल्यात.

*

आमच्या कोकणात थंडी कसली म्हणा, पण दव पडतं. ताईचं लग्न गुहागरकडे, घरच्या खळ्यात. मांडवावर माडाची झापं. आदल्या संध्याकाळी आईने आणि काकूने खळं सारवलं, ते रात्रभर वाळेचना. सकाळी सवाआठचा मुहूर्त. ताई बोहल्याकडे चालत गेली तशी तिची पावलं सारवणात उठली, पाचही बोटं स्पष्ट. मंगलाष्टका चालू असताना झापांवरचं दव नेमकं अंतरपाट धरलेल्या मामाच्या मानेवर ठिबकत होतं. हात अडकलेले, बिचारा पुसणार कसं! दर थेंबाला खांदे उडवायचा आणि आम्ही मुलं थेंब मोजत होतो. लग्न कधी लागलं ते कळलंच नाही. मांडव उतरल्यावर बाबांनी पावलांवरून पुन्हा सारवू दिलं नाही, पुढच्या पावसाळ्यापर्यंत होती ती.

*

आई-वडिलांचं लग्न १९७३ च्या माघातलं, बीड जिल्ह्यात. बहात्तरचा दुष्काळ तेव्हा भरात होता. दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, सोयरीकही तिथल्याच मुकादमाने जुळवली. विहिरी आटलेल्या, म्हणून वऱ्हाडाने बैलगाडीत पाण्याची दोन पिंपं घालून आणली. आहेर म्हणाल तर तोच. पाहुण्यांनी आपापला शिधा बांधून आणला होता. बहुतेकांच्या फडक्यात लाल मिलो, अमेरिकेतून आलेली ती ज्वारी. पंगतीला त्याच्याच भाकरी, वर गुळाचा खडा. आई सांगायची, हळद लावताना मावशी तिच्या तळव्यांवरून हात फिरवत म्हणाली होती, "घट्ट्यात हळद मुरंना गं बाई." एक दिवस सुट्टी, दुसऱ्या दिवशी दोघंही परत खडीवर.

*

सगळं वाचलं, छान वाटलं. पण एक विचारू का? साधं लग्न साधं कुणासाठी असतं? माझ्या दिराच्या लग्नाला आम्ही चौघी जावा-नणंदा पहाटेपासून चुलीपुढे. तीनशे माणसांच्या पुऱ्या. पुढून भाजून निघत होतो आणि पाठीला गार वारा. "शुभमंगल सावधान" ऐकू आलं तेव्हा माझ्या हातात झारा होता. पदरात बांधून ठेवलेल्या अक्षता मी तिथूनच स्वयंपाकघराच्या दाराबाहेर टाकल्या, त्या कोंबडीने टिपल्या. नवरीचं तोंड पाहिलं ते दुपारी चारला, खरकटी काढताना. त्या वेळी आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो होतो, ते खोटं नाही. पण माझ्या लेकीच्या वेळी मी आचारी लावला आणि पुढच्या खुर्चीत बसले.

*

आमचं सत्यशोधक पद्धतीने झालं. तारीख मुद्दाम २५ डिसेंबर धरली, कारण १८७३ साली त्याच दिवशी पुण्यात सत्यशोधक समाजातलं पहिलं लग्न लागलं होतं. भटजी नाही, मुहूर्त नाही. दोघांनी सगळ्यांसमोर शपथ घ्यायची आणि हार घालायचे. शपथ मी पाठ केली होती, पण थंडीने दात इतके वाजत होते की लोकांना वाटलं मी रडतेय. सासरे हळूच म्हणाले, "घाई नाही, सावकाश म्हण."

*

आमचं रजिस्टर, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावं लागतं. ती आम्ही डिसेंबरात दिली आणि तीस दिवस मोजल्यावर निघाला ऐन पौष. सासूबाई हबकल्या. "पौषात लग्न?" नवरा म्हणाला, "आई, सरकारी पंचांगात पौष नसतो." तीन साक्षीदार लागतात, ते तीन मित्र एकाच स्कूटरवरून आले. संक्रांत नुकतीच झालेली, म्हणून पेढ्यांऐवजी तिळगूळच वाटला आणि घरी येऊन गुळाच्या पोळ्या खाल्ल्या. तूप थिजलेलं, पोळी तव्यावरून उतरली की लगेच तिच्यावर गोळा ठेवायचा, म्हणून आई कुणाला एकत्र बसूच देईना. जो तो तव्याजवळ उभा राहून जेवला, सासूबाईसुद्धा.

*

आम्ही २०२० च्या डिसेंबरवाले. पन्नास माणसांची मर्यादा होती. पाचशेची यादी करणं सोपं हो, पन्नासची करताना घरात भांडणं झाली. इमारतीच्या गच्चीवर झेंडूच्या माळा भावाने आणि मी रात्री जागून ओवल्या. जे पन्नासात बसले नाहीत ते शेजारच्या इमारतींच्या गॅलऱ्यांत स्वेटर घालून उभे होते, हातात अक्षता. तिकडून फेकलेल्या अर्ध्या खालच्या गाड्यांवर पडल्या.

*

मी परत आले. जावांचं आणि झाऱ्याचं वाचून राहवलं नाही, आत्यालाच फोन लावला. आजोबांचा बंब, कानामागचं बोट, सगळं हौसेने सांगितलं. ती म्हणाली, "बंबाचं कौतुक तुम्हाला. नवरीचं न्हाण सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. माझ्या वाट्याला कोमट होतं गं."