व्हॅनिलाच्या शेंगा बघून कशा घ्यायच्या आणि पावसाळ्यात टिकवायच्या कशा?

चिकूची_फोड
नमस्कार मंडळी. घरच्या आइस्क्रीमला आणि कस्टर्डला खऱ्या व्हॅनिलाच्या शेंगा वापरायच्या खूप दिवस मनात आहे, आतापर्यंत बाटलीतला इसेन्सच घालत आलेय. नणंद पुढच्या आठवड्यात मुन्नार-थेक्कडीला चाललीय, आणते म्हणाली, पण विचारतेय की बघून काय घेऊ, कारण तिकडे मसाल्याच्या दुकानांत कुठे काचेच्या नळीत दोन शेंगा असतात, कुठे पाकिटात, आणि भावात जमीन-अस्मानाचा फरक. दुसरं म्हणजे आम्ही अलिबागला, जून लागला की इथे मीठ-साखरेलासुद्धा पाणी सुटतं, मग एवढी महागाची वस्तू ठेवायची कुठे? फ्रीजमध्ये चालेल का? कुणी म्हणतं तांदळात पुरून ठेवा, कुणी म्हणतं सिलिका जेलची पुडी टाका. ज्यांनी स्वतः वापरल्यात त्यांनी सांगा प्लीज.

ओव्हनवाली
ताई, नणंदेला एवढंच सांगा की शेंग बोटाला गुंडाळून बघ. चांगली शेंग न मोडता वळते आणि सोडली की हळूहळू सरळ होते, रंग गडद चॉकलेटी ते काळा आणि अंगावर हलकी तेलकट चकाकी. कडक होऊन काडीसारखी मोडत असेल तर ती फार वाळलीय, आणि हाताला ओलसर गिळगिळीत लागली तर ती नीट सुकवलेलीच नाही, ती तुमच्या अलिबागेत पहिल्या पावसातच बुरशी धरेल, अशी फुकट दिली तरी घेऊ नये. नळी उघडून वास घेऊ देत नसतील तर सरळ पुढच्या दुकानात जायचं. वास गोड, जरासा मनुकांसारखा, कधी लाकडासारखा येतो. धुरकट किंवा कुबट वास आला तर नको.

लांबीवर भाव लावतात, पण लांब शेंग म्हणजे जास्त वास असं काही नसतं. लांब शेंगेत दाणे जास्त निघतात आणि दिसायला छान, बास. तुम्हाला आइस्क्रीममध्ये काळे ठिपके हवे असतील तर मऊ, जाड शेंगा घ्या (यांना ए ग्रेड किंवा गुर्मे म्हणतात, ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या आसपास). घरी अर्क करायचा असेल तर बी ग्रेडच्या वाळक्या शेंगा उत्तम, त्यात पाणी कमी म्हणून तेवढ्याच वजनात माल जास्त येतो, आणि स्वस्तही पडतात.

सुपारीची_बाग
माझं सासर शिरसीकडे, सुपारीच्या बागेत गिरिपुष्पाच्या झाडांवर व्हॅनिलाच्या वेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते, वाचायला वेळ लागेल.

वेलीवरच्या हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वास नसतो, आपल्या फरसबीसारखी दिसते ती. फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, तेवढ्या वेळात काडीने एकेका फुलाचं परागीकरण हाताने करावं लागतं, कारण वेल मूळची मेक्सिकोची आणि तिथले कीटक आपल्याकडे नाहीत. आजही जगभर जी पद्धत वापरतात ती १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या १२ वर्षांच्या मुलाने शोधली, तो तेव्हा गुलामगिरीत होता. व्हॅनिला हातात घेतली की त्याचं नाव आठवावं असं मला मनापासून वाटतं.

मग शेंग तयार व्हायला आठ-नऊ महिने. टोक पिवळं पडायला लागलं की तोडायची. त्यानंतर साधारण ६३ ते ६५ अंशांच्या गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून काढायची, कांबळ्यात गुंडाळून घाम आणायचा, मग रोज थोडा वेळ ऊन आणि परत कांबळं, मग सावलीत कित्येक आठवडे, आणि शेवटी बटर पेपरमध्ये बांधून पेटीत दोन-तीन महिने. वास तयार होतो तो या सगळ्यात. साधारण सहा किलो हिरव्या शेंगांची एक किलो होते. तेव्हा भाव बघून दचकू नका, हे सगळं काम हाताचं आहे. २००३ च्या सुमाराला भाव चढले तेव्हा केरळ-कर्नाटकात ज्याने त्याने वेली लावल्या, वर्ष-दोन वर्षांत भाव कोसळला आणि पुष्कळांनी उपटूनही टाकल्या. ज्यांनी ठेवल्यात त्यांच्याकडून थेट मिळाल्या तर जरूर घ्या, आपल्या दक्षिणेतली शेंग चांगली असते.

विकत घेताना यातलं एवढं लक्षात ठेवा की चोरीच्या भीतीने किंवा भाव आहे म्हणून कोवळ्या तोडलेल्या शेंगा बाजारात येतात, त्या पातळ, लालसर आणि वासाला फिक्या असतात आणि बुरशीही लवकर धरतात. आणि टोकाशी जराशी उकललेली शेंग दिसली तर वाईट समजू नका, ती वेलीवर पूर्ण पिकलेली असते, दिसायला बरी नाही म्हणून उलट कमी भावात मिळते.

आता ठेवण्याचं. तांदूळ नको आणि सिलिका जेल तर अजिबात नको, दोन्ही शेंगेतलं पाणी ओढून घेतात आणि ती वाळून जाते, आपल्याला तर तिचा ओलावा तिच्यातच राखायचाय. फ्रीजही नको. तिथे एक तर ती कडक होते आणि दुसरं, दरवेळी बाहेर काढली की गार शेंगेवर दमट हवेचं पाणी जमतं आणि मग बुरशी. बटर पेपरमध्ये सैल गुंडाळून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत घाला, शेंगांच्या मापाची बरणी घ्या म्हणजे आत रिकामी हवा कमी राहील, आणि गॅसपासून लांब, अंधाऱ्या कपाटात ठेवा. धान्याच्या किंवा कपड्यांच्या कपाटात ठेवली तरी चालेल, मसाल्याच्या डब्याशेजारी नको, हिंगाचा वास लागतो. दोन-तीन आठवड्यांनी कोरड्या हाताने उघडून बघायचं, एखादी बिघडली असेल तर लगेच कळतं. पावसाळ्यात मात्र भर पाऊस चालू असताना उघडू नका, उघडीप मिळाली की बघा. अशा वर्ष-दीड वर्ष सहज राहतात.

हडसनकाठचा
आम्ही इकडे न्यू जर्सीत बऱ्याच वर्षांपासून घरीच अर्क करतो. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे अर्कात अल्कोहोल किमान ३५ टक्के लागतं आणि शेंगांचं प्रमाण ढोबळमानाने लिटरला १०० ग्रॅम पडतं, म्हणजे पाव लिटर व्होडकाला २५ ग्रॅम, आठेक शेंगा. तुमच्याकडची साधी व्होडका ४२.८ टक्क्यांची असते, ती चालते, महागातली नको. शेंगा उभ्या चिरून घालायच्या, पूर्ण बुडलेल्या राहिल्या पाहिजेत, अंधारात ठेवून मधूनमधून बाटली हलवायची. सहा महिन्यांनी वापरता येतो, वर्षाने फार सुंदर होतो. दमट हवेत राहणाऱ्याला माझ्या मते हाच सगळ्यात निर्धास्त उपाय, अल्कोहोलमध्ये बुरशीची भीतीच नाही.

आणि ताहितीच्या शेंगा कुणी देत असेल तर त्या वेगळ्या असतात, जाड, फुलांसारख्या आणि किंचित बडीशेपेसारख्या वासाच्या. फ्रूट सॅलडला छान, पण आपल्याला ओळखीचा आइस्क्रीमचा वास हवा असेल तर मादागास्करच्या किंवा भारतातल्याच घ्या.

चिकूची_फोड
किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी, खूप आभार! नणंदेने आत्ता थेक्कडीच्या दुकानातून फोटो पाठवलाय, शेंगा काळ्याभोर, मऊ आहेत म्हणते पण वर पांढरं पांढरं काहीतरी दिसतंय. दुकानदार सांगतोय की ही चांगली खूण आहे. घेऊ द्यायच्या का? ती दुकानातच उभी आहे.

सुपारीची_बाग
दुकानदार खरं सांगत असू शकतो. उत्तम शेंगेवर व्हॅनिलिनचे, म्हणजे तिला वास देणाऱ्या द्रव्याचे, स्फटिक उगवतात. तिला म्हणावं मोबाईलचा टॉर्च लाव आणि शेंग तिरकी करून बघ. बारीक सुयांसारखे चमकले तर स्फटिक, आणि वास एकदम जोरदार येणार. चमक नाही, कापसासारखं किंवा पिठासारखं मळकट बसलंय, हिरवट-करडी छटा आहे, शेंगेच्या एकाच टोकाला गोळा झालंय, तर बुरशी. वास कुबट येतो. बोटावर थोडं घेऊन कोमट पाण्यात टाकलं तर स्फटिक विरघळतात, बुरशी तशीच तरंगते, पण दुकानात हे कोण करू देणार, टॉर्चनेच कळेल.

आणि हे घरच्या बरणीसाठीही लक्षात ठेवा, बुरशी निघाली तर ती शेंग पुसून, ऊन दाखवून वापरायची नाही, टाकून द्यायची. बाकीच्या वेगळ्या करून बरणी उकळत्या पाण्याने धुवून कडकडीत वाळवायची.

चिकूची_फोड
चमकतायत!! सुया सुया दिसतायत म्हणाली. घे म्हटलं. पहिल्यांदा काय करू मग?

ओव्हनवाली
वा, मस्तच मिळाल्या. पहिल्यांदा साधं कस्टर्ड करा, अंड्याचं, कस्टर्ड पावडर नको कारण तिच्यात कृत्रिम व्हॅनिला असतो आणि खऱ्याचा फरक कळणारच नाही. अर्धा लिटर दुधाला एक शेंग पुरते. उभी चिरायची, सुरीच्या पाठीने आतले दाणे खरवडून दुधात घालायचे, सालही दुधातच टाकायची. दूध कडेने बुडबुडे येईपर्यंत तापवून गॅस बंद करा आणि झाकून अर्धा तास तसंच ठेवा, फुल क्रीम दूध घ्या, सायीत वास छान धरतो. वेलची, केशर यांच्याबरोबर घालू नका, दोघंही तिला दाबून टाकतात. म्हणून माझ्या मते बासुंदीत ती वायाच जाते, चिकूच्या आइस्क्रीमला मात्र फार सुरेख लागते, घोलवडचे चिकू मिळाले तर बघाच करून.

साल फेकू नका. धुवून पंख्याखाली पूर्ण वाळवा आणि पाव किलो साखरेच्या डब्यात खुपसून ठेवा, दोन आठवड्यांत साखरेला वास लागतो. अगदी कडक झाली की साखरेबरोबर मिक्सरच्या छोट्या भांड्यात फिरवून चाळून घ्यायची, नानकटाईला ती पिठीसाखर वापरते मी.