मदत हवी आहे: कूर्चा (कानात, सांध्यांत असते ती लवचिक ऊती) दाब कशी सोसते, हे वर्गात कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. पेशींच्या बाहेरचं जे जाळं, म्हणजे एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स, ऊतींना आधार देतं, ते मुलांना हाताने चाचपून कळावं असं मनापासून वाटतं.

कोंबडीच्या तंगडीचं हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवलं. कॅल्शियमचे क्षार विरघळले, मुख्यतः कोलॅजन हे चिवट धाग्यांचं प्रथिन उरलं आणि हाड रबरासारखं वाकलं. मुलं हरखली! वनस्पतींसाठी कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत भिजवून, धुऊन शिजवल्या. निवळीतलं कॅल्शियम पेशीभित्तिकेतल्या पेक्टिन या चिकट पदार्थाच्या साखळ्या एकमेकींना बांधतं, म्हणून त्या टणक राहिल्या. साध्या पाण्यातल्या फोडींचा बोटाने दाबताच लगदा झाला. (पेठा करणाऱ्यांना हे कधीचं ठाऊक आहे.)

अडलंय ते कूर्चेपाशी. तिथे कोलॅजनच्या जाळ्यात अडकलेले प्रोटिओग्लायकॅन (शर्करेच्या लांब साखळ्या जोडलेली प्रथिनं) पाणी धरून ठेवतात, म्हणून ती दाब सोसते. स्पंज दाखवणं मला पटत नाही, तो दाबला की लगेच पाणी सोडतो. मलमलच्या घट्ट पुरचुंडीत कोरडा सब्जा बांधून पाण्यात फुगवला तर? कापड म्हणजे कोलॅजन, सब्जाचा बुळबुळीतपणा म्हणजे प्रोटिओग्लायकॅन. कुणी करून पाहिलंय का? सब्जा किती घ्यावा? याहून चांगलं काही सुचत असेल तर नक्की सांगा, पुढच्याच आठवड्यात तास आहे.