मदत हवी आहे: ॲल्युमिना-कोवार जोडात टायटॅनियम भलत्याच बाजूला गोळा होतंय

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात मटेरियल्समध्ये पीएचडी करते. ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइडचं सिरॅमिक) आणि धातू यांचे ब्रेझिंगने, म्हणजे मधे दुसरा धातू वितळवून केलेले जोड हा माझा विषय. अमेरिकन सिरॅमिक सोसायटीची प्रगत सिरॅमिक्सवरची मोठी परिषद जानेवारीत फ्लोरिडात डेटोना बीचला भरते. तिथे माझा टॉक स्वीकारला गेला आहे. सिरॅमिक आणि धातू जिथे भेटतात त्या सीमेवर आयुष्यभर काम केलेले लोक समोर बसलेले असणार, आणि माझ्या निकालांमधली एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही. म्हणून हा धागा.

आधी काम सांगते. व्हॅक्यूम चेंबरमध्ये वीज आत न्यायला फीडथ्रू लागतात. मधे सिरॅमिकचा इन्सुलेटर, भोवती धातूची कड, आणि दोहोंमधला जोड पूर्ण हवाबंद. चांदी-तांब्याचं नुसतं मिश्रण ॲल्युमिनावर वितळवलं तर ते पसरत नाही, थेंब गोळा होऊन बसतो. त्यात थोडं टायटॅनियम घातलं की चित्र पालटतं. टायटॅनियम ॲल्युमिनातला ऑक्सिजन ओढून घेतं, सीमेवर पातळ थर तयार होतो आणि त्या थरावर ब्रेझ (हे वितळलेलं मिश्रण) पसरतो. मी वापरते त्या पट्टीत ६३ टक्के चांदी, ३५.२५ टक्के तांबं आणि १.७५ टक्के टायटॅनियम आहे. ती ७८० अंश सेल्सिअसला वितळायला लागते आणि ८१५ ला पूर्ण द्रव होते. मी ८४० च्या आसपास काही मिनिटं ठेवते. ॲल्युमिना ९९.५ टक्के शुद्ध.

ॲल्युमिनाला ॲल्युमिना जोडलं की काही तक्रार नाही. हीलियम लीक टेस्ट पास, आणि तोडायला गेलं तर जोड शाबूत राहून सिरॅमिक फुटतं. पण एका बाजूला कोवार घेतलं (मिश्रधातू: लोखंड ५४, निकेल २९, कोबाल्ट १७ टक्के) की त्याच भट्टीत, त्याच सायकलला काही जोड गळतात. नमुने कापून, पॉलिश करून एसईएमवर (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर) ईडीएस मॅप, म्हणजे कुठलं मूलद्रव्य कुठे आहे याचा नकाशा काढला. टायटॅनियमची रेघ कोवारच्या बाजूला जाड आणि सलग, ॲल्युमिनाच्या बाजूला मात्र बारीक आणि जागोजागी तुटलेली.

आमच्या ग्रुपचं मत असं की हा सगळा प्रसरणाचा प्रकार आहे. कोवार निवडतात ते प्रसरण कमी म्हणून, पण हा गुण साधारण ४३५ अंशांपर्यंतच. त्याच्या वर कोवारचं चुंबकत्व जातं आणि ते झपाट्याने प्रसरण पावतं. म्हणजे ब्रेझ गोठल्यावर थंड होताना कोवार आधी जोरात आकसणार, नंतर मंदावणार, आणि ॲल्युमिना आपल्या एकाच चालीने आकसत राहणार. जोडात ताण राहणारच. हे मला पटतं. पण ताणाने तडा जाईल, टायटॅनियम जागा कशाला बदलेल?

ज्यांनी असे जोड केलेत किंवा तपासलेत त्यांनी कृपया सांगा: ताण आणि रसायन यांतलं नेमकं कोण जबाबदार आहे, हे वेगळं कसं काढायचं? आणि सीमेवरचा थर कसला आहे हे टॉकमध्ये किती ठामपणे म्हणता येईल? माझ्याकडे सध्या फक्त ईडीएस आहे. व्हिसा, तिकीट यांचं मार्गी लागलंय, त्याबद्दल काही नको.

प्रतिसाद १

तुमचा संशय योग्य दिशेने आहे. अमेरिकेतल्या सँडिया लॅबच्या लोकांनी नेमक्या याच जोडावर काम केलेलं आहे, ते आधी वाचून काढा. समोर बसणाऱ्यांपैकी अनेकांना ते माहीत असेल.

ब्रेझ द्रव झाला की कोवारमधलं लोखंड आणि निकेल त्यात थोडं थोडं विरघळतं. टायटॅनियमला या दोघांचीही जबर ओढ. त्यांची संयुगं कोवारच्या बाजूला बनतात आणि टायटॅनियम तिथेच अडकून पडतं. मुळात पट्टी पातळ, त्यात टायटॅनियम जेमतेम. एका बाजूने ओढून घेतलं तर ॲल्युमिनाच्या वाट्याला काय उरणार? ॲल्युमिना-ॲल्युमिना जोडात असा वाटेकरी नसतो, म्हणून तो नीट बसतो.

आता ताण की रसायन. कोवारवर मॉलिब्डेनमचा अगदी पातळ थर स्पटर करून (व्हॅक्यूममध्ये लेप देऊन) घ्या आणि सायकलमध्ये काहीही न बदलता तोच जोड करा. थर इतका पातळ की प्रसरणात फरक पडत नाही, पण लोखंड-निकेलची वाट अडते. गळती थांबली तर दोष रसायनाचा. टायटॅनियमची रेघ ॲल्युमिनाकडे सलग झाली आणि तरीही गळती राहिली, तर तुमच्या ग्रुपचं म्हणणं खरं. टॉकमध्ये ही एक तुलना असली तर बाकी दहा स्लाइड कमी चालतील.

आणि गळलेले जोड फेकू नका. तोडून ॲल्युमिनाचा चेहरा साध्या स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बघा. टायटॅनियमची क्रिया झालेला भाग काळपट दिसतो, न झालेला पांढराच राहतो. उलट ब्रेझला ॲल्युमिनाचे कपचे चिकटून आले असतील तर जोड धरलेला होता आणि सिरॅमिक ताणाने फुटलं. हे बघायला ना भट्टी लागते, ना स्लॉट.

प्रतिसाद २

थराबद्दल. नुसत्या ईडीएसवरून 'टायटॅनियम ऑक्साइड' असं स्लाइडवर लिहू नका, पहिला प्रश्न तिथेच येईल. १५-२० किलोव्होल्टला किरण साधारण एक मायक्रॉनभर भागातून सिग्नल गोळा करतो, त्यामुळे अलीकडचं-पलीकडचं सगळं एकात मिसळतं. शिवाय क्ष-किरणांच्या वर्णपटात टायटॅनियमची एल रेषा ऑक्सिजनच्या के रेषेला अगदी खेटून असते. या जोडांत ॲल्युमिनाला लागून टायटॅनियम ऑक्साइडचा फार पातळ थर आणि त्यावर टायटॅनियम-तांबं-ऑक्सिजनच्या संयुगाचा जाड थर, अशी रचना आढळते. त्यातला पातळ थर एसईएमवर वेगळा दिसेल असं धरून चालू नका.

स्वस्त मार्ग असा: ॲल्युमिना-ॲल्युमिना नमुन्याचा ब्रेझ विरल नायट्रिक आम्लात विरघळवा (फ्यूम हूडमध्येच, तपकिरी वायू विषारी असतो). चांदी-तांबं निघून जातं, क्रियेचा थर ॲल्युमिनावर राहतो. त्याचं एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखण्याची चाचणी) काढा. टीईएम (पातळ नमुन्याच्या आरपार बघणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) मिळालं तर एफआयबीने (आयनांच्या झोताने कापून) एक पापुद्रा काढून डिफ्रॅक्शन घ्या, मग नाव खुशाल ठामपणे लिहा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. गळलेल्या जोडांपैकी हाताशी होते ते आज तोडून पाहिले. ॲल्युमिनाच्या कडेने काळपट पट्टा आहे, पण तो एकसंध नाही. मधे पांढरे डाग आहेत, आणि एका नमुन्यात असा डाग आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत गेलाय. हीलियमला तेवढी वाट पुरे. कपचे चिकटलेले फक्त एकाच ठिकाणी सापडले. फोटो गाइडना पाठवलेत, आणि मॉलिब्डेनमचं स्पटरिंग शेजारच्या डिपार्टमेंटमध्ये करून मिळेल असं दिसतंय.

एकच शंका उरली आहे. मॉलिब्डेनमचा थर किती जाड ठेवावा? फार पातळ झाला तर ब्रेझ त्यातून वाट काढेल आणि जाड झाला तर थरच सोलून निघेल, अशी भीती वाटते. कोवारवर थर देण्याआधी पृष्ठभाग कसा तयार करता, निव्वळ ॲसिटोन आणि अल्ट्रासॉनिक पुरतं का, हेही कुणी सांगितलं तर या आठवड्यातच नमुने लावते.