खानदेशातली परसबाग : तुमच्या अंगणात कोणती झाडे टिकली?

गिरणाकाठ (जळगाव)
काल एका रोपवाटिकेत कळ्यांनी भरलेल्या अनंताच्या कुंड्या रांगेने मांडलेल्या दिसल्या आणि आईची झाडे निवडण्याची रीत आठवली. आमचे घर तेव्हा भुसावळला होते. मे महिन्यात तेथे पारा ४५ अंशांच्याही पुढे जातो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आई संध्याकाळी ओळखीच्या घरांची अंगणे पाहून येत असे. वैशाखाच्या झळा सोसून ज्या घरी जास्वंद, मोगरा किंवा कण्हेर हिरवी उभी असेल, त्या घरी ती फांदी आधीच मागून ठेवी आणि मृगाचा पाऊस पडला की आमच्या अंगणात लावी. पावसाळ्यात सगळीच रोपे टवटवीत दिसतात, म्हणून तेव्हा पाहून झाड निवडू नये, असे तिचे ठाम मत होते आणि ते मला पूर्णपणे पटते. आपल्या उन्हात, आपल्या काळ्या जमिनीत आणि मिळेल तेवढ्या पाण्यावर तुमच्याकडे काय टिकले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

पांझरा (धुळे)
मी मातीविषयी लिहितो. शेतातली काळी माती तशीच कुंडीत भरली, तर ती वाळताना आकसते, कडेपासून सुटते आणि घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जाते. वरून माती ओली दिसते, परंतु मुळांचा गड्डा कोरडाच राहतो. पावसाळ्यात तीच माती फुगून घट्ट बसते आणि मुळे गुदमरतात. त्यामुळे मी काळी माती निम्मीच घेतो आणि उरलेल्या भागात जाड वाळू व पूर्ण कुजलेले शेणखत मिसळतो. वर भुईमुगाच्या टरफलांचा जाड थर दिला की ओल पुष्कळ वेळ टिकते.

वाघूर
पांझरादादा, टरफलांना वाळवी लागत नाही का? आमच्याकडे जमिनीला वाळवी फार आहे.

पांझरा (धुळे)
कुंड्या जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवाव्यात आणि थराखाली थोडी निंबोळी पेंड पसरावी. माझ्याकडे एवढ्याने भागले आहे.

अनेर (चोपडा)
अनंताचे झाड मनाला भुरळ घालते हे खरे, परंतु त्याला आम्लधर्मी माती लागते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी माती चुनखडीची आणि बोअरचे पाणी क्षारांचे असते. अशा मातीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. मातीत हिराकस (फेरस सल्फेट) घातला तरी तोही चुनखडीत लवकरच अडकून पडतो. ज्यांना हौस असेल त्यांनी अनंत कुंडीतच लावावा आणि पावसाचे साठवलेले पाणी त्याच्यासाठी राखून ठेवावे.
येथेच आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. कूलरच्या टाकीत तळाला उरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत ते झाडांना घातले जाते. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात, म्हणून ते उरलेले पाणी बोअरच्या पाण्यापेक्षाही खारट असते. कुंडीच्या कडेला पांढरी पूड दिसू लागली, तर हे कारण आधी तपासावे.

मोगरी
अनेरकाका, कूलरच्या पाण्याचे आजच घरी सांगितले. मोगऱ्याविषयी माझा अनुभव असा की, तो उन्हाला मुळीच घाबरत नाही, मात्र त्याला हिवाळ्यात विश्रांती द्यावी लागते. डिसेंबरमध्ये पाणी कमी करावे, जानेवारीत छाटणी करून शेणखत द्यावे आणि मग पाणी वाढवावे. उन्हाळ्यात घर दरवळते.

लिंबोणी (अमळनेर)
आमच्या दारी लिंबू आणि कढीपत्ता शेजारी शेजारी आहेत. दोन्हींच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या लहान अळ्या येतात, त्या पुढे हिरव्यागार होतात आणि त्यांचीच फुलपाखरे होतात. रोप लहान असताना त्या हाताने वेचून काढाव्यात, नाहीतर फांद्या बोडक्या होतात. आता आमची झाडे मोठी आहेत, म्हणून मी अळ्या राहू देते. नातवंडे कोश फुटेपर्यंत रोज झाडापाशी जाऊन पाहतात, आणि झाडाला नवी पालवी फुटतेच. कढीपत्ता बियांपासून करायचा असेल, तर पिकलेले काळे फळ सोलून बी लगेच लावावे, कारण वाळलेले बी उगवत नाही.

तोरणमाळ (शहादा)
आमच्या भागात पपईची शेती मोठी असल्याने घरोघरी परसातही पपई असते. काळ्या जमिनीत तिला सपाट जागेवर लावू नये. बुंध्याशी पाणी साचले की खोड कुजते आणि उभे झाड आडवे होते, म्हणून मातीचा उंचवटा करून त्यावरच रोप लावावे आणि पाण्याचे आळे बुंध्यापासून दूर ठेवावे. काही वाणांत बरीच झाडे नर निघतात आणि त्यांना फळे धरत नाहीत, त्यामुळे रोप घेताना वाण विचारून घ्यावा.

गिरणाकाठ (जळगाव)
सर्वांचे आभार. आमच्या घराची पश्चिमेकडची भिंत दुपारनंतर तव्यासारखी तापते. तेथे कोणता वेल टिकेल?

मोगरी
ताई, बोगनवेल लावावी. तिला पाण्याचा थोडा ताण बसला की फुले अधिक येतात, म्हणजे पाणी कमी असणाऱ्या घरासाठीही ती योग्यच आहे. मात्र पहिल्या उन्हाळ्यात तिच्यावर हिरवी जाळी बांधावी.

हतनूर (यावल)
भाजीविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. उन्हाळ्यात टोमॅटोचा हट्ट धरू नये. इतक्या उष्णतेत फूल लागते, परंतु फळ न धरता गळून जाते. त्या दिवसांत गवार, चवळी आणि भेंडी लावावी, पावसाळ्यात गिलके आणि दोडके मांडवावर चढवावे. न्हाणीच्या पाण्यावर एक केळ अवश्य ठेवावी, पण आडोशाला, कारण गरम वाऱ्याने पाने चिरफाळतात. शेतातसुद्धा केळीच्या बागेभोवती शेवरी लावतात ती याचसाठी. एक झाड एकदाच घड देते, तेव्हा घड काढल्यावर ते कापावे आणि बाजूचे एकच जोमदार पील (बुंध्याशेजारी फुटलेले नवे रोप) वाढू द्यावे. आणि ज्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते खानदेशातल्या परसात नसावे, हे मला खरोखर खटकते.

पुण्यातली खानदेशी
हतनूरभाऊ, येथे बाजारात मिळणारे वांगे भाजल्यावर तशी चव येत नाही. ह्या वांग्याचे बी घरी धरता येते का? माझ्याकडे ऊन येणारी गच्ची आहे.

हतनूर (यावल)
ताई, अवश्य येते. निरोगी झाडावरचे एक चांगले फळ न तोडता पूर्ण पिवळे पडेपर्यंत राहू द्यावे, मग बी धुऊन सावलीत वाळवावे. आमच्याकडे गेल्या हंगामाचे बी आहे, पत्ता खासगी निरोपात कळवा. जुलैच्या अखेरीस वाफ्यात किंवा ट्रेमध्ये टाका आणि साधारण महिन्याभराने रोपे मोठ्या कुंडीत, एका कुंडीत एकच, अशी लावा.